घासून गुळगुळीत केलेलं हाड

सर्जनसरांनी माऊस तिसऱ्यांदा टेबलावर आपटला तेव्हा मी दारात उभा होतो, आणि मला वाटलं, झालं, आता मला परत पेणला पाठवणार. माऊसशी माझा काहीएक संबंध नव्हता. मी तिथे फक्त खुर्ची द्यायला गेलो होतो. पण माझं हे असंच आहे. कुठे काही पडलं, फुटलं, बंद पडलं की कुणी माझ्याकडे बघायच्या आत मीच मनातल्या मनात पिशवी भरायला घेतो.

ही हकिगत गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आतल्या दवाखान्याची, एटापल्लीकडे जाताना जंगल दाट होतं त्या बाजूची. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलेलं तिथल्या डॉक्टरबाईंना आवडायचं नाही. दवाखाना त्याच चालवतात. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, मीही म्हणतो.

मी पेणजवळच्या एका गावचा. सातवीनंतर शाळा सोडली आणि गणपतीच्या कारखान्यात लागलो. साचे काढायचे, प्लास्टर ओतायचं, मूर्ती बाहेर आली की सांध्याची रेघ खरवडायची आणि पॉलिशपेपर मारून अंग गुळगुळीत करायचं. आमचे मालक डोळे मिटून मूर्तीवरून अंगठा फिरवायचे. अंगठा कुठे अडला की मूर्ती परत आमच्याकडे. पुढे चंद्रपूरच्या एका व्यापाऱ्याने देवीच्या मूर्तींसाठी आम्हा चौघांना बोलावलं. त्यातली एक मोठी देवी टेम्पोतून इकडे आत आली, तिच्याबरोबर तिचे सुटे हात बसवायला आणि रंगाची डागडुजी करायला मला धाडलं. नवरात्र संपेपर्यंत मी मांडवातच झोपलो. देवीचं विसर्जन झालं आणि मला ताप भरला. तो मलेरिया डोक्यात चढला. मला जीपमध्ये घालून या दवाखान्यात कुणी आणलं ते मला अजून माहीत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या पायाला प्लास्टर घालायचं चाललं होतं. मी पडल्या पडल्या बोललो, "प्लास्टरवर पाणी नाही ओतायचं, पाण्यात प्लास्टर सोडायचं. गुठळ्या होतात." बाई मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उठता आलं की इकडे ये." उठता आलं तेव्हा गेलो. त्यानंतर मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत प्लास्टर, पट्ट्या, कुबड्यांच्या मुठी, लहान मुलांच्या वाकड्या पावलांचे बूट असलं काहीबाही करत राहिलो. पेणला वर्षातून एकदा जातो. आई विचारते, तिकडे काय आहे? मला सांगता येत नाही. मी तिथे मेलो नाही, एवढंच खरं तर सांगायचं असतं.

तर माऊस.

आमच्याकडे हाडं मोडून वाकडी जुळलेली माणसं फार. झाडावरून पडतात, बैल ढकलतो, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाय घसरतो, आणि दवाखाना लांब म्हणून गावातच कुणीतरी बांबूच्या कामट्या बांधून देतो. हाड जुळतं, पण जसं असेल तसं जुळतं. ते पुन्हा कापून सरळ करायला नागपूरहून एक सर्जन महिन्यातून दोन दिवस यायचे. कुठे कापायचं आणि किती फिरवायचं हे आधीच ठरलेलं असलं तर दोन दिवसांत जास्त माणसं होतात, म्हणून पुण्याहून एक इंजिनिअर मॅडम आल्या. वय माझ्यापेक्षा बरंच कमी, चष्मा, दोन पेट्या, आणि जेवणात मिरची नको. चंद्रपूरला काढलेला सीटी स्कॅन त्यांच्या कॉम्प्युटरवर यायचा आणि त्यातून नुसतं हाड उभं राहायचं, पांढरंशुभ्र, चारी बाजूंनी बघता येईल असं. फक्त ते माऊसने फिरवायचं होतं.

"हे काय आहे यार!" सर्जनसर म्हणाले. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि हातात उलटीसुलटी केली. "मी हाड असं फिरवतो. असं! आणि तुमचं मशीन म्हणते, आधी हे बटन दाबा, मग ते धरून ओढा. ऑपरेशन करताना मी बटनं दाबत बसतो काय?"

"मग बाटलीच देते तुमच्या हातात, सर," मॅडम रागाने म्हणाल्या.

रागाने म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच केलं. सुपारीएवढा सेन्सर बाटलीला चिकटपट्टीने बांधला. बाटली फिरवली की पडद्यावरचं हाड फिरायचं. सर खुश झाले. किती वेळ? चहा येईपर्यंत.

"ही बाटली आहे," ते म्हणाले. "अंगठा कुठे ठेवू? हाडाला कड असते, खळगा असतो. बाटलीला काय असते?"

मग मॅडमनी त्या हाडाचीच प्रतिकृती प्रिंटरवर छापली. आमच्याकडचा प्रिंटर म्हणजे एक लहान पेटी, तिच्यातून प्लास्टिकची तार वितळून थरावर थर चढतो. इन्व्हर्टर तिला पुरत नाही, त्यामुळे लाईट गेली की अर्धं हाड टाकून द्यायचं. लाईट रोज जाते. शेवटी एक हाड पुरं झालं तर सर म्हणतात, "खेळण्यासारखं लागते. वजनच नाही." बाईंनी मला हाक मारली. "तुला साचा येतो ना? यावरून जड हाड ओतून दे."

अशी माझी या कामात भरती झाली. मी प्रिंटचा रबरी साचा काढायचो, प्लास्टरमध्ये दगडाची भुकटी मिसळून ओतायचो, आत सेन्सरसाठी पोकळी ठेवायचो. मॅडम मला दादा म्हणायच्या आणि सगळं नीट समजावून सांगायच्या, आणि मी समजलं म्हणून मान हलवायचो आणि मग खोलीत येऊन घाबरत बसायचो. कॉम्प्युटरच्या कामात सातवीवाल्याने हात घालायचा म्हणजे काय!

पण वैताग मला एकट्याला नव्हता, सगळ्यांना होता. सेन्सरची वायर आखूड, सरांचा हात लांब. वायर लांब केली तर ती त्यांच्या चहाच्या कपात. कापायची जागा दाखवायला दुसऱ्या हातात एक पातळ प्लास्टिकची पट्टी धरायची, ती जिथे धरू तिथे पडद्यावरचं हाड चिरल्यासारखं दिसायचं. काय सुंदर दिसायचं! पण सरांना पट्टी सुरीसारखी हवी होती. सागवानी मूठ बसवून दिली तर म्हणाले, जड झाली. कोरून हलकी केली तर म्हणाले, आता चमच्यासारखी लागते. पडद्यावरचं हाड थरथरायचं, म्हणून मॅडम सरांच्या पुढच्या खेपेपर्यंत प्रोग्रॅम बदलत बसल्या. मी बघत होतो. सर दोन्ही हात अधांतरी धरून बसायचे, मग हात थरथरणार नाही तर काय? कारखान्यात डोळे आखताना कोपर टेकल्याशिवाय कुणी ब्रश उचलत नाही. मी रेक्झिनच्या दोन उशा शिवल्या, वाळू भरली, आणि सरांच्या कोपरांखाली सरकवल्या. थरथर थांबली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "दादा, हे तुम्ही मला गेल्या महिन्यात का नाही सांगितलंत?"

मी का सांगितलं नाही? कारण मला वाटलं त्यांना माहीत असणार. शिकलेल्या माणसाला कोपर टेकायचं माहीत नसेल असं मनात तरी कसं आणायचं?

अशात ती बाई आली. तिलाही बाईच म्हणायला हवं, पण गोंधळ होईल म्हणून इथे धानवाली म्हणतो, कारण ती सारखं धानाचंच, म्हणजे भाताच्या पिकाचंच, बोलायची. पस्तिशीची असेल. नवरा-बायको दोघं मिळून धानाच्या दोन-चार बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, करायचे. मागल्या पावसाळ्यात रोवणीला जाताना धुऱ्यावरून पडली आणि उजव्या हाताचं अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडलं, मनगटाच्या चार बोटं वर. गावात बांधलं. जुळलं, पण पालथं जुळलं. म्हणजे तळहात खाली असताना हात ठीक, पण तो उताणा होईना. करून बघा, तळहात वर न करता काय काय करता येतं ते. तिला घास तोंडाशी न्यायला मान वाकवावी लागायची. ओंजळ होत नव्हती. आणि तिचं मुख्य दुखणं वेगळंच होतं.

"मले सूप धरता येत नाई," तिने बाईंना सांगितलं. "धान कापाले येते, बांधाले येते. पाखडाले बसली का अर्धं धान खाली. सासू म्हणते, कोंबड्यायले चारून राह्यली काय?"

डावा हात चांगला होता. मॅडमनी डाव्या हाताचा स्कॅन घेऊन तो कॉम्प्युटरमध्ये उलटा केला, म्हणजे तिचा उजवा हात कसा असायला हवा होता ते दिसलं. तो हिरवा. वाकडा जुळलेला पांढरा. सरांनी पांढरं हाड पट्टीने कापायचं आणि मनगटाकडचा तुकडा फिरवत फिरवत हिरव्यावर नेऊन बसवायचा. किती फिरवलं ते कॉम्प्युटर अंशांत सांगणार. तेवढंच ऑपरेशनमध्ये फिरवायचं. कमी फिरलं तर हात पालथाच, जास्त फिरलं तर हात कायमचा उताणा.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट समजायला हवी. हातातलं हाड आणि पडद्यावरचं हाड एकच आहे हे कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही, त्याला सुरुवातीला दाखवावं लागतं. त्यासाठी पेनासारखी एक दांडी होती. तिचं टोक हातातल्या हाडावर तीन ठिकाणी टेकवायचं. एक कोपराकडचं टोक, एक मनगटाकडचं, आणि तिसरी जागा म्हणजे जिथे मोडून जुळलं तिथे उगवलेल्या गाठीचा माथा. दोन टोकांनी हाड कुठे आहे ते कळतं. पण ते स्वतःभोवती किती वळलेलं आहे हे त्या गाठीनेच कळतं. हे मॅडमनी मला सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

धानवालीचं हाड मी जीव लावून केलं. सर आदल्या खेपेला म्हणाले होते, तुमच्या हाडांवर थरांच्या रेघा दिसतात. झालं. मी साचा काढायच्या आधी प्रिंटलाच पॉलिशपेपर मारला. आधी जाड, मग बारीक, मग पाण्याचा. डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. कुठे अडत होता तिथे आणखी मारला. साच्यातून हाड निघालं तेव्हा त्याच्याकडे बघून मला पेणची आठवण आली. असं काम मी कारखान्यातही थोडंच केलं होतं. वरून पातळ वॉर्निशचा हातही दिला.

सर यायला तीन दिवस होते. मॅडमनी आधी स्वतः करून बघितलं. एकदा केलं तर कॉम्प्युटर म्हणाला तीस अंश. पुन्हा केलं तर चाळीस. मग पस्तीस. दर वेळी वेगळं.

"हे काय चाललंय!" मॅडमनी केस धरले.

मी म्हणालो, व्होल्टेज असेल. इन्व्हर्टरवर घेतलं. वायर बदलली. सेन्सर गरम होतो म्हणून पंख्याखाली ठेवला. लोखंडी टेबलामुळे होत असेल म्हणून मी बाईंच्या घरचं लाकडी टेबल उचलून आणलं, बाईंना न विचारता, आणि त्या जेवायला बसल्या तेव्हा ताट ठेवायला जागा नव्हती. काही उपयोग नाही. मॅडम दोन दिवस कॉम्प्युटरसमोरून उठल्या नाहीत. त्यांनी पुण्याला फोन लावला आणि मी ऐकलं, त्या म्हणत होत्या, "चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये आहे, पण सापडत नाही." आवाज रडवेला झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धानवाली रक्त तपासायला आली होती. ती थेट माझ्या खोलीत आली.

"काऊन मूर्तीवाले भाऊ, माह्या हाताचं बाहुलं झालं का नाई?"

मी कौतुकाने ते हाड तिच्या डाव्या हातात ठेवलं. तिने वळवून बघितलं. अंगठा वरून खाली फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे माहं नोहे."

"तुमचंच आहे. स्कॅनवरून केलंय."

"अवं बाप्पा, माह्या हाताले इथी गाठ आहे. रोज तेल लावून राह्यली, मले मालूम नाई का? पाहा बरं." तिने माझं बोट धरून आपल्या मनगटाच्या वर ठेवलं. कातडीखाली हरभऱ्यापेक्षा मोठी, टणक गाठ. "ह्याले गाठ कुठी आहे? ह्याले त रंधा मारला कोनं तरी."

रंधा नव्हता, पॉलिशपेपर होता. पण बाकी तिचं बरोबर होतं. तिसरी खूण ज्या माथ्यावर टेकवायची तो माथाच मी घासून टाकला होता. मॅडम दर वेळी त्या सपाट जागेवर अंदाजाने दांडी टेकवत होत्या, आणि दर वेळी हाड थोडं निराळं वळत होतं.

मी मटकन खाली बसलो. धानवालीला वाटलं मला चक्कर आली. तिने माझ्याच माठातलं पाणी मला दिलं, पालथ्या हाताने, अर्धं माझ्या शर्टावर.

खरं सांगतो, पहिला विचार काय आला? की कुणाला सांगायचं नाही. गुपचूप प्लास्टरची एक गाठ वर चिकटवायची. बोटाला तिची गाठ अजून कळत होती, तशीच्या तशी करून देईन, एवढा तर माझा हात आहे. मी प्लास्टर भिजवायलाही घेतलं. मग वाटलं, माझ्या बोटाच्या आठवणीवर सर तिचं खरं हाड कापणार? आणि पलीकडच्या खोलीत ती पोरगी स्वतःला दोष देत बसली आहे. भिजवलेलं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं. मी ते हाड फडक्यात गुंडाळून मॅडमकडे गेलो. बाईही तिथेच होत्या. नशीबच तसं.

मी सांगितलं. मॅडमनी ते हाड फडक्यातून काढलं आणि दिव्याखाली धरलं.

"घासलंत? का घासलंत, दादा?"

"खडबडीत होतं."

"ते खडबडीत म्हणजेच आजार आहे ना! तेच तर बघायचंय आपल्याला!" त्या ओरडल्या. मग डोक्याला हात लावून खाली बसल्या आणि हसायलाच लागल्या, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "दोन दिवस. दोन दिवस मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ वाचतेय."

मी बाईंकडे बघून म्हणालो, "मी जातो. सकाळची बस आहे."

"प्रिंट परत छापायला किती वेळ लागेल?" बाईंनी मॅडमना विचारलं. माझं त्यांनी ऐकलंच नव्हतं, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

प्रिंट लावला. लाईट गेली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. सर येऊन पोहोचले तरी हाड कोपरापासून अर्ध्यावरच होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, ते गुळगुळीत हाड हातात घेतलं, आणि ते त्यांच्या बोटांतून निसटून उशीवर पडलं. वॉर्निशमुळे.

"भाऊ," ते मला म्हणाले, "वाकडी हाडं सरळ करायले मी नागपूरहून येतो. तुम्ही इथंच पेपर मारून सरळ करून देता. मग मले बोलावता कशाला?"

मी ते हाड उशीवरून उचललं. त्यांनी धानवालीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर टाकलं. नक्की किती फिरवायचं हे कळल्याशिवाय सुरी लावणार नाही म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पण ते तिला सांगायला गेलं कोण? बाईंनी मलाच पाठवलं.

"पुढच्या महिन्यात?" ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात धान खळ्यात राह्यते, भाऊ. तवा मी येऊ?" ती उठली, गाठोडं काखेला मारलं आणि गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी मला माझ्या खोलीच्या भिंतीवर नियम लिहायला लावला. मी म्हणालो, माझं अक्षर चांगलं नाही. "तूच लिही," त्या म्हणाल्या. मी रंगाने लिहिलं, हाडाला पॉलिशपेपर लावायचा नाही. नवा प्रिंट आला तेव्हा त्याला मी हातही लावला नाही, थरांच्या रेघांसकट साचा काढला आणि तसंच ओतलं. मॅडमनी तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा आकडा तोच. मॅडम खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण हाड घेऊन काय करायचं, हात कुठे होता?

सरांच्या तारखेला चार दिवस राहिले तरी तिचा पत्ता नव्हता. तिच्या गावात फोन लागत नाही. बाईंनी मोटरसायकलची चावी माझ्यासमोर ठेवली. मला गाडी बेताचीच येते, आणि त्या रस्त्याला तर मुळीच येत नाही. दोनदा पडलो. हाड छातीशी बांधलं होतं म्हणून ते वाचलं, गुडघा मात्र फुटला.

खळ्यात धानाचा ढीग होता. सासू पाखडत होती आणि धानवाली बाजूला बसून पेंढ्या बांधत होती. मला बघून तिने काम थांबवलं नाही.

"आले काय मूर्तीवाले? आता काय घासाले आले?"

सासू हसली. मी हाड पुढे केलं. तिने घेतलंच नाही. मग हाताला लागलेला भुसा पुसला आणि घेतलं, अंगठा फिरवला. मनगटाच्या चार बोटं वर अंगठा थांबला. तिने आपल्या हाताची गाठ चाचपली, मग पुन्हा त्याची.

"हव," ती म्हणाली. "हे माहं आहे." आणि लगेच, "पण हे खरखरीत काऊन आहे?"

मी गुडघ्याचं रक्त पुसलं आणि तिच्यासमोर बसलो.

"चार दिवसांनी सर येणार आहेत," मी म्हणालो. "आता आकडा बरोबर येतोय. मी खोटं सांगत नाही. मागच्या वेळी माझ्यामुळे राहिलं."

"तुमच्यामुळंच राह्यलं, मालूम आहे. त्या दिवशी जाता जाता त्या चश्मेवाल्या बाईनं सांगितलं मले. रडून राह्यली होती बिचारी." ती सासूकडे वळली. "जाऊ का वं? तुमाले एकटीले होईल?"

सासू सुपातलं धान उडवत म्हणाली, "मागच्या साली तू होती त कोन्तं झालं होतं? जा."

सरांनी ते खरखरीत हाड हातात घेतलं तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांनी ते फिरवलं, पट्टी लावली, आणि म्हणाले, "हे घसरत नाही. आधी का नाही केलं असं?" थरांच्या रेघांमुळे पकड बसत होती. ज्या रेघांवरून त्यांनीच मला बोलणी घातली होती, त्याच! मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. 

ऑपरेशन झालं. हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. प्लास्टर मीच घातलं, पाण्यात प्लास्टर सोडून. ते काढायला ती आली तेव्हा हात बारीक झाला होता, कातडी पांढुरकी, सालं निघत होती. बाई म्हणाल्या, "हळूहळू वळव." तिने तळहात पालथा टेबलावर ठेवला. मग वळवायला लागली. कडेवर आला. तिथे थांबला.  पुढे सरकला, थोडा आणखी, आणि थांबला. पुरता उताणा नव्हता. अंगठ्याकडची बाजू किंचित उंच राहिली होती, उतरत्या छपरासारखी.

"बस, एवढाच?" ती म्हणाली.

"व्यायामाने आणखी येईल," बाई म्हणाल्या आणि तिच्या तळहातावर कॅल्शियमच्या गोळ्या ओतल्या. पाच राहिल्या. एक घरंगळून टेबलाखाली गेली.

ती पाच गोळ्यांकडे बघत बसली. अर्ध्या नव्हे, एकच सांडली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन उभे राह्यले, मूर्तीवाले भाऊ? ते खाली पडली ते उचला ना."

मी टेबलाखाली शिरलो.